खालाचा डावा डोळा

"हल्ली मुंबईत लाईट कमी लावतात काय गं?"

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत रेवसच्या धक्क्यावर बसून माझ्या खालाने मला हे विचारले. समोर करंजाचा डोंगर, त्याच्या डाव्या अंगाला पाण्यापलीकडे मुंबईचे दिवे. हवा स्वच्छ होती आणि दिवे नेहमीसारखेच लखलखत होते. मी हसले. म्हटले, "खाला, मुंबईत लाईट कधी कमी होते का? तूच म्हातारी झालीस." तीही हसली आणि विषय तिथेच संपला.

मी शाळेत शिकवते. उर्दू आणि मराठी हे दोन्ही विषय. विद्यार्थ्याच्या चुकीच्या उत्तरामागे काय कारण असेल ते शोधायचे, असे आम्हाला बी.एड.ला शिकवतात. खालाच्या त्या प्रश्नामागचे कारण शोधायचे मात्र मला सुचले नाही.

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री खालाचे डोके भयंकर दुखू लागले. अर्धे डोके, डावीकडचे. तीन-चार उलट्या झाल्या. डोळा लाल झाला होता, पण रडल्यामुळे आणि चोळल्यामुळे झाला असेल, असे सगळ्यांना वाटले. घरात सून आणि दोन लहान मुले. मुलगा कुवेतला. सुनेने मला फोन केला आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "पित्त झालंय. आल्याचा रस दे, पित्ताची गोळी दे, सकाळी बरं वाटेल." दुसऱ्या दिवशी दुखणे थोडे कमी झाले, चार-पाच दिवसांत बरेच उतरले. खाला पुन्हा चुलीपाशी बसून भाकऱ्या थापू लागली. आम्ही म्हटले, अल्हम्दुलिल्लाह, पित्तच होते.

ते पित्त नव्हते. हे आम्हाला कळले पाच महिन्यांनी, आणि कळले ते कोणा डॉक्टरमुळे नव्हे, आमच्या आशाताईंमुळे.

आशाताई हे त्यांचे नाव नाही. आमच्याकडे बायका त्यांना इतकी वर्षे आशाताई म्हणतात की त्यांचे खरे नाव निम्म्या गावाला ठाऊक नसेल. आशा म्हणजे मान्यताप्राप्त सामाजिक आरोग्य कार्यकर्ती. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हापासून साधारण १००० वस्तीमागे गावातलीच एक बाई या कामाला नेमलेली असते. आपण त्यांना ओळखतो ते गरोदर बायांची नोंद, बाळांच्या लशी आणि पोलिओच्या रविवारमुळे. डोळ्यांशी त्यांचा काही संबंध असेल, हे माझ्याही ध्यानीमनी नव्हते.

दिवाळीनंतरची गोष्ट. भात घरात आले होते. शाळेला सुट्टी होती म्हणून मी खालाकडे होते. आशाताई एक छापील अर्ज घेऊन आल्या. त्याला त्या 'सीबॅक' म्हणतात. ३० वर्षांवरच्या प्रत्येक माणसाला घरी जाऊन विचारायचे प्रश्न त्यात असतात. तंबाखू खाता का, दम लागतो का, आईवडिलांना साखर किंवा रक्तदाब होता का. त्यातच डोळ्यांचे चार प्रश्न आहेत. धूसर दिसते का? वाचायला त्रास होतो का? डोळा आठवड्याहून जास्त दुखतो का? आठवड्याहून जास्त लाल राहतो का?

खाला प्रत्येक प्रश्नाला "नाय गं पोरी, बरं हाय सगळं" म्हणत होती. वाचण्याचा प्रश्न तर तिने हसण्यावारीच नेला. "कुराण तोंडपाठ हाय तेवढं पुरे, वर्तमानपत्र कुठं वाचायचं मला?" चारही प्रश्नांपुढे 'नाही' पडले असते आणि अर्ज पुरा झाला असता. त्या एका अर्जामागे आशाताईंना १० रुपये मिळतात.

तेवढ्यात खालाने त्यांना चहा ओतला. ओतताना तिने उजव्या हाताचे बोट कपाच्या काठाच्या आत धरले होते. चहा बोटाला लागला तशी ती थांबली. मी तो चहा वर्षभर पीत होते. ते बोट मी पाहिले होते की नव्हते, आता आठवतसुद्धा नाही. आशाताईंनी मात्र कप खाली ठेवला, खालासमोर बसल्या आणि आपला तळहात तिच्या उजव्या डोळ्यावर ठेवला.

"खाला, आता मी किती बोटं धरलीत?"

खाला बोलेना.

"हात हलतोय का तुमच्यासमोर? दाराकडे उजेड दिसतो का?"

खूप वेळाने खाला म्हणाली, "हा तर गेलाय." जणू एखादा जुना हिशेब सांगावा तशी. पावसाळ्यात त्या दुखण्यानंतर गेला, असेही सांगितले. आम्हाला का सांगितले नाही? "दुसऱ्यानं दिसतंय की थोडं थोडं. पोरगा तिकडं, तुझी शाळा. कुणाला त्रास द्यायचा?"

उजव्या डोळ्यावरचा हात काढला, डाव्यावर ठेवला. उजव्याने बोटे मोजता आली, तीही वीतभर अंतरावरून.

पुढच्याच आठवड्यात आशाताई तिला अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात घेऊन गेल्या. मीही रजा काढून गेले, कारण आता मला घरी बसवेना. तिथल्या डॉक्टरांनी दिवा टाकून पाहिले, दाब मोजला आणि मला समजावून सांगितले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डावा इतका पिकला की फुगला, त्याने डोळ्यातले पाणी वाहण्याची वाट अडवली आणि दाब एकदम वाढला. अशा वेळी डोके फुटल्यासारखे दुखते, उलट्या होतात, डोळा लाल होतो, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात. घरोघरी त्याला पित्त किंवा अर्धशिशी समजतात. तेव्हाच, त्या एक-दोन दिवसांत आली असती तर दाब उतरवून मोतीबिंदू काढता आला असता. आता आतली नस सुकली होती. हा काचबिंदूच, फक्त मोतीबिंदूमुळे झालेला. मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. हा फरक त्या दिवशी मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर शिकले.

मोतीबिंदू 'पिकू द्यावा', मग काढावा, हे आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत असते. एके काळी ते खरेही होते. तेव्हा संपूर्ण भिंगच काढून टाकत आणि नंतर सोडावॉटरच्या बाटलीच्या तळासारखा जाड चश्मा लावत. पिकलेले भिंग काढायला सोपे, म्हणून थांबत. आता आतले गढूळ भिंग फोडून काढतात किंवा छोट्या छेदातून बाहेर घेतात आणि त्याच जागी कृत्रिम भिंग बसवतात. यात पिकण्याची वाट पाहायची नसते. रोजच्या कामात अडथळा आला की तीच वेळ. पण शस्त्रक्रिया बदलून ३० वर्षे झाली तरी म्हण बदललेली नाही. आमच्या खालाची तर आणखी एक म्हण होती : "डोळ्यात पाणी उतरलंय. म्हातारपणी उतरायचंच." मला ते ऐकून उर्दूतला जुना शब्द आठवायचा, नुजूल-उल-मा, म्हणजे पाणी उतरणे. अरबी हकिमांनी मोतीबिंदूला दिलेले नाव. गंमत अशी की त्याच हकिमांपैकी अम्मार अल-मौसिली यांनी सुमारे १००० वर्षांपूर्वी पोकळ सुईने मोतीबिंदू ओढून काढण्याची रीत लिहून ठेवली. आमच्याकडे त्यांचा शब्द टिकला आणि इलाजाची घाई मात्र विसरली गेली.

खाला घाबरत होती त्याचे कारण वेगळे होते. खालू भाऊचा धक्का ते रेवस लाँचवर कामाला होते. फार वर्षांपूर्वी एका शिबिरात त्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. शिबिर उठले, तंबू गेला, डॉक्टर गेले. पाचव्या दिवशी डोळा सुजला तेव्हा विचारायला कोणी नव्हते. तो डोळा गेला. खालाच्या मनात शस्त्रक्रिया म्हणजे तो सुजलेला डोळा. आता शिबिरात फक्त तपासणी होते आणि शस्त्रक्रिया रुग्णालयातच करतात. १९९४ साली जागतिक बँकेच्या मदतीने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून तंबूतल्या शस्त्रक्रिया मागे पडत गेल्या. पण हे खालाला कोण सांगणार? शिबिराच्या पत्रकावर 'मोफत' हा शब्द मोठ्या अक्षरात असतो. 'पाचव्या दिवशी डोळा दुखला तर कोण येईल' याचे उत्तर त्यावर नसते.

तमिळनाडूतल्या मदुराईत अरविंद नेत्र रुग्णालय आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर १९७६ साली ११ खाटांवर ते सुरू केले आणि आज जगभरातून लोक ते पाहायला येतात. गावोगावी मोफत शिबिरे घेण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. तरीही १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की शिबिर घराजवळ भरूनही डोळ्यांचा त्रास असलेल्या १०० माणसांपैकी ७ जणसुद्धा तिथे आली नव्हती. मोफत होते, जवळ होते, तरी नाही. कोणाला भीती होती, कोणाला घरचे काम, कोणाला सोबत नव्हती. तिथून पुढे त्यांनी गावातच कायमची छोटी दृष्टी केंद्रे उघडायला सुरुवात केली. मी हे वाचले तेव्हा मला खालाचे वाक्य आठवले : कुणाला त्रास द्यायचा?

सोबत हाच आमच्याकडे सगळ्यात मोठा प्रश्न आहे. रेवसहून अलिबाग एसटीने जायचे म्हणजे अर्धा दिवस. वाटेत चोंढीला लायन्सचे डोळ्यांचे रुग्णालय आहे. पलीकडे मुंबईत परळला हाजी बच्चूअलींच्या नावाचे धर्मादाय नेत्र रुग्णालय आहे; आमच्या आजीच्या पिढीतले लोक लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरून तिथे जात. ओहोटी असली की लाँच गाळापाशी अडते, पावसाळ्यात समुद्राचा भरवसा नाही. करंजाच्या पुलाबद्दल तर अंतुले साहेबांच्या काळापासून ऐकत आलो आहोत. पण खरे सांगायचे तर रस्ता, पूल, बोट हे नंतरचे. तपासणीला एकदा, शस्त्रक्रियेला एकदा, पट्टी काढायला एकदा, मग आठवड्याने, मग महिन्याने. इतक्या फेऱ्यांना म्हाताऱ्या बाईबरोबर कोण जाणार? पुरुष समुद्रावर किंवा आखातात, सुना मुलांत अडकलेल्या. देशात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बायकांपर्यंत पुरुषांपेक्षा कमी पोचते, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. म्हाताऱ्याला दिसेनासे झाले की घर थांबते. म्हातारीला दिसेनासे झाले तरी ती बोटाने चहा मोजून देते.

आशाताई खालाबरोबर चार वेळा अलिबागला गेल्या. एकदा सून, दोनदा मी. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया वीस-एक मिनिटांत झाली, पैसा लागला नाही. खरे काम त्यानंतरचे. थेंब दिवसातून ठरावीक वेळा घालायचे. खालाला घड्याळ वाचता येत नाही आणि सुनेला वेळेचे भान राहत नाही. आशाताई आगरी समाजातल्या. त्यांनी एका वाक्यात मार्ग काढला. "खाला, तुमची बांग झाली की आधी थेंब, मग नमाज." पाच बांगा आणि झोपताना एकदा. सहा वेळचे औषध एकदाही चुकले नाही. हा तोडगा मला, एका मुसलमान घरातल्या शिक्षिकेला, का सुचला नाही, याचा मी अजून विचार करते.

नमाजचाच प्रश्न आला होता. डॉक्टरांनी काही दिवस खाली वाकू नका, डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका, असे बजावले. म्हणजे सजदा नाही आणि वुजूत तोंडावर पाणी मारायचे नाही. खाला म्हणाली, मग मला डोळा नको. आमच्या मशिदीतल्या मौलानांना मी विचारून आले. आजारी माणसाला बसून, इशाऱ्याने नमाज पढण्याची मुभा आहे हे आपण सगळे जाणतो. डॉक्टरांनी मना केलेल्या जागी पाणी घालण्याची सक्ती नाही, वुजूचे काय करायचे तेही त्यांनी नीट दाखवून दिले. डोळ्यात थेंब घातल्याने रोजा तुटत नाही असेही ते म्हणाले, म्हणजे 'रमजान झाल्यावर बघू' हेही कारण उरले नाही. ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांनी आपापल्या आलिमांना शस्त्रक्रियेच्या आधीच विचारून घ्यावे. आधी विचारले तर मन शांत राहते आणि नंतर कोणी शेजारीण काही बोलली तरी म्हातारे माणूस डगमगत नाही.

आता थोडे आमच्या भागाच्या अभिमानाचे, आणि थोडे लाजेचेही. गावातल्या बाईला शिकवले तर ती आरोग्याचे मोठे काम करू शकते, हे दिल्लीला कळण्याच्या कितीतरी आधी इथे, रेवसच्या शेजारी मांडव्याला, करून पाहिले गेले होते. डॉ. नोशीर अँटिया हे मुंबईच्या जे.जे.मधले प्लास्टिक सर्जन. कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करणारे. १९७०च्या दशकात, आपला जिल्हा अजून कुलाबा होता तेव्हा, त्यांनी अलिबाग तालुक्यातली मांडव्याभोवतालची तीसेक गावे, तीसेक हजार वस्ती घेऊन प्रयोग सुरू केला. गावातल्याच, जेमतेम लिहितावाचता येणाऱ्या बायका निवडल्या आणि त्यांना नेहमीचे आजार, क्षय, कुष्ठरोग ओळखायला शिकवले. एका शल्यविशारदाला कळून चुकले होते की रोगी त्याच्याकडे येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. आधी ओळखणारे माणूस गावातच हवे. त्या बायकांनी ते करून दाखवले. दहाएक वर्षांनी प्रयोग थांबला. गावच्या पुढाऱ्यांना आणि आरोग्य यंत्रणेला त्या बायकांचे वाढते वजन मानवले नाही. आज मांडव्याला रो-रोमधून गाड्या उतरतात, बंगल्यांच्या जाहिराती लागलेल्या असतात. त्या बायकांची आठवण सांगणारा एक दगडही मी तिथे पाहिलेला नाही.

तसेच काम १९७० पासून नगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी उभे केले, तेही निरक्षर, बहुतेक गरीब आणि दलित बायकांना हाताशी घेऊन. त्यांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सरकारने १९७७ साली महिना ५० रुपयांवर गावोगावी आरोग्यरक्षक नेमले आणि काही वर्षांत ती योजना विरून गेली. २००५ साली आशा आल्या. म्हणजे आशाताईंचा तळहात खालाच्या डोळ्यावर पडायला साधारण पन्नास वर्षे लागली.

आणि अजून त्यांना धड पगार नाही. कामागणिक मोबदला, वर थोडे मानधन. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशा मानधनवाढीसाठी संपावर होत्या आणि २०२४च्या सुरुवातीला आझाद मैदानात बसल्या होत्या. त्यानंतर राज्याने वाढ मंजूर केली, हे खरे. पण आमच्या आशाताईंना अलिबागच्या एका फेरीत जो दिवस जातो, त्या दिवसाची किंमत कोणत्याच अर्जात बसत नाही. डोळ्यांचे चार प्रश्न हे त्यांच्या शंभर कामांतले एक काम. बोट कपात आहे हे पाहायला अर्ज शिकवत नाही. ते त्यांनी स्वतः कमावलेले आहे.

डोळ्यांच्या बाबतीत आशांकडून आणखी काय होऊ शकते याचे एक उदाहरण नेपाळचे आहे आणि ते आपल्या खारेपाटातल्या प्रत्येक घराने ऐकण्यासारखे आहे. भात झोडताना तूस किंवा कुसळ डोळ्यात जाते. डोळ्यावर बारीक ओरखडा उठतो. कोणी मध घालते, कोणी बाळंतिणीचे दूध, कोणी मेडिकलमधून न विचारता थेंब आणते. त्या थेंबांत स्टेरॉइड असले तर बुरशीला मोकळे रान मिळते आणि आठ-दहा दिवसांत बुबुळावर पांढरा फोड येतो. तो बरा झाला तरी डाग राहतो. नेपाळमधल्या भक्तपूरला १९९०च्या दशकात गावातल्या कार्यकर्त्यांना असा ओरखडा ओळखायला शिकवले आणि तीन दिवस घालायचे एक साधे जंतुनाशक मलम दिले. ज्यांना इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत मलम मिळाले, त्यांच्यातल्या एकालाही फोड आला नाही. पुढे नेपाळातच झालेल्या अधिक मोठ्या चाचणीत गावेच्या गावे तुलनेला घेतली, तेव्हा हा फायदा तितका स्पष्ट सिद्ध झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण कुसळ गेल्यावर त्याच दिवशी दाखवायचे, घरचे काही घालायचे नाही आणि चोळायचे नाही, याबद्दल डॉक्टरांत दोन मते नाहीत.

माझा स्वतःचा दुसरा कबुलीजबाब इथेच देऊन टाकते. मागे माझ्या वर्गात एक मुलगी होती. उर्दू लिहिताना तिचे नुक्ते नेहमी चुकायचे. बे, पे, ते, से ही अक्षरे आकाराने सारखी; खाली एक, खाली तीन, वर दोन, वर तीन असा फक्त ठिपक्यांचा फरक. जीम, चे, हे, ख़े यांचेही तसेच. मराठी तिचे बरे होते, कारण तिथे आकारच वेगवेगळे. मी तिला निष्काळजी म्हटले, दोनदा वर्गात उभे केले. नंतर शाळेत दृष्टी तपासणीचा तक्ता आला. सहा मीटरवरून इंग्रजी ई या अक्षराची पाती कोणत्या बाजूला आहेत ते मुलांनी बोटाने दाखवायचे. अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात हे काम शिक्षकांकडेच असते आणि गरजू मुलांना चश्मा मोफत मिळतो. त्या मुलीला वरची दोन अक्षरे सोडून काही दिसत नव्हते. फळ्यावरचे ठिपके तिच्यासाठी तिथे नव्हतेच. चश्मा आल्यावर तिने पहिल्या दिवशी मला विचारले, "मॅडम, तुम्ही हे रोज असंच लिहायच्या?"

देशात अंधत्व कमी झाले आहे. २००६-०७ च्या पाहणीत १०० माणसांमागे १ इतके होते, २०१५ ते २०१९च्या पाहणीत ते ०.३६ वर आले. पण पन्नाशीपुढच्या ज्यांची नजर गेली आहे त्यांच्यात १०० पैकी ६६ जणांची अजून मोतीबिंदूनेच गेली आहे. म्हणजे ज्याचा इलाज अलिबागला मोफत आहे, त्यानेच.

घरी आपण काय करायचे, असे मला भगिनी विचारतात. आशाताईंनी केले तेच. घरातल्या भिंतीवर कॅलेंडर असतेच. घरातल्या वडीलधाऱ्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवावे, एक डोळा तळहाताने झाका म्हणावे, दाबू नका, आणि तारखा वाचायला लावाव्यात. वाचता येत नसेल तर बोटे मोजायला लावावीत. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईटाला झाकून घेतो, महिनोन्महिने घरात कोणाला कळत नाही. ज्यांना साखर आहे त्यांनी दिसत असले तरी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचा. दिसेनासे झाल्यावर जाणे म्हणजे उशीर. आणि डोके, डोळा दोन्ही एकदम दुखून उलट्या झाल्या तर माझ्यासारखे फोनवरून पित्त ठरवू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.

खालाच्या उजव्या डोळ्याला आता चांगले दिसते. पट्टी निघाली त्या दिवशी तिने आधी सुनेचे तोंड पाहिले, मग चहाची किटली, आणि किटलीच्या बुडाशी किती काजळी साचली आहे यावरून सुनेला भरपूर ऐकवले. डावा डोळा गेलाच आहे. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही, त्यामुळे चहा ओतताना ती अजून कपाच्या काठाला बोट लावते. ते बोट दिसले की मी दुसरीकडे पाहते.

गेल्या महिन्यात आशाताईंच्या यादीत आमच्या आळीतल्या तीन बायका होत्या. दोघी अलिबागला जाऊन आल्या. तिसरी म्हणत होती, भाताचे भारे रचून झाले की जाईन, अजून नीट पिकला नाही मोतीबिंदू. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता खाला तिच्या ओट्यावर जाऊन बसली होती. सून सांगते, दुपारच्या जेवणापर्यंत उठली नाही.